गुळगुळीतरावांच्या गळ्याचा नकाशा

गुळगुळीतरावांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं आणि ते तिथेच सुखात होतं. कंपनीत, दुकानांत, सासुरवाडीला, सगळीकडे ते गुळगुळीतरावच. धंदाच तसा होता. चारचौघांसमोर दाढी करायची आणि त्याचा पगार घ्यायचा.

दाढीचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीत ते प्रात्यक्षिकं करून दाखवत. मोठ्या दुकानात दाराजवळ हातभर उंच चौथरा, त्यावर आरसा, बेसिन, फेसाचा डबा, रेझर आणि मधोमध गळ्याला टॉवेल बांधलेले गुळगुळीतराव. सकाळच्या गर्दीला डावा गाल, दुपारच्या गर्दीला उजवा, संध्याकाळच्या गर्दीला हनुवटी आणि गळा. एका तोंडात दिवसाचे तीन खेळ. मधल्या वेळात ते अर्ध्या दाढीने जेवायला जात, तेव्हा कॅन्टीनवाल्याने एकदा कळवळून विचारलंही होतं, "मधेच पाणी गेलं का हो तुमच्याकडचं?"

खेळाचा शेवट मात्र ठरलेला. गुळगुळीतराव खिशातून कापसाचा बोळा काढत, पिंजत, आणि खालून वर गालावर चोळत. मग बोळा उंच धरून दाखवत. एक धागा अडकलेला नसे. लोक टाळ्या वाजवत. त्या टाळ्यांवर ते तोंडाला निळं पाणी फासत, म्हणजे कंपनीचं पुदिन्याच्या वासाचं दाढीनंतर लावायचं पाणी, आणि दोन्ही गालांवर फटाफट चापट्या मारून म्हणत, "ताजं! एकदम ताजं!"

डोळ्यांत पाणी यायचं ते लोकांना आनंदाचं वाटायचं.

कापूस अडकू नये म्हणून काय करावं लागतं, हे फक्त त्यांना माहीत. आधी केसांच्या दिशेने, मग उलट, मग पुन्हा उलट, आणि शेवटी फेस पुसल्यावर कोरडाच एक हात. तीन वर्षं हे चाललं होतं. त्यांची कातडी मुळात लहान बाळासारखी, लोकरीचा मफलर लावला तरी लाल होणारी. आता गळ्यावर मोहरी सांडल्यासारखे लाल फोड उठले होते आणि शर्टाची कॉलर लागली तरी गुळगुळीतराव "स्स" करत.

रविवारी सकाळी साहेबांचा फोन आला.

"शनिवारी चार मजली नवीन दुकान उघडतंय. चौथरा दारातच आहे. मी स्वतः येणार."

"वा साहेब!"

"वा नंतर म्हणा. परवा एका बाईंनी दुकानात विचारलं, या रेझरने असं होतं का? आणि बोट कुठे दाखवलं असेल?"

गुळगुळीतरावांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. "ते उन्हाने झालंय, साहेब."

"दुकानात ऊन?"

गुळगुळीतरावांनी कॉलर वर ओढली आणि "स्स" केलं.

"शनिवारी गळा नीट दिसला तर चौथरा तुमचा," साहेब म्हणाले. "नाहीतर गोदामात खोकी लावायला माणूस हवाच आहे. पगार तोच."

पगार तोच, हे साहेबांनी उदारपणे सांगितलं. पण गोदामात आरसा नव्हता, गर्दी नव्हती, आणि खोकी टाळ्या वाजवत नाहीत. ज्या माणसाला शाळेच्या नाटकात तीन वर्षं झाडाचं काम मिळालं आणि चाळिशीला आल्यावर एकदाचं व्यासपीठ मिळालं, त्याला खोक्यांमध्ये पाठवणं म्हणजे काय, हे साहेबांना कसं कळणार? साहेबांना स्वतःला छातीपर्यंत दाढी. रेझरच्या कंपनीचा साहेब दाढीवाला, यावर हसायला कंपनीत मनाई नव्हती. तरी कुणी हसत नसे. फॅशन असेल, म्हणत.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, गोदामात गेलात तर टाळ्या कोण वाजवणार? मी वाजवणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"चेष्टा सुचतेय तुला."

"चेष्टा नाही. उद्या सोमवार. आईचं पार्लर बंद असतं. जायचं."

"मी? पार्लरमध्ये?" गुळगुळीतरावांनी छातीवर हात ठेवला. "दारावर पाटी आहे, फक्त महिलांसाठी!"

"पाटी वाचता येते तुम्हाला, कौतुक आहे. गळा दिसत नाही तेवढा."

सासूबाईंचं पार्लर घराच्या पुढच्या खोलीत. दोन खुर्च्या, एक भिंग लावलेला दिवा, मेणाचं भांडं आणि दोऱ्यांची रिळं. तीस वर्षं सासूबाई लोकांच्या अंगावरचे केस काढत होत्या आणि त्यांच्याकडे एक जाड वही होती. तिच्यात गिऱ्हाइकांची नावं नसत, कातड्या असत. "बँकेतल्या उंच बाई: हाताला मेण सोसतं, ओठावर नाही. फक्त दोरा." "शिंपीणबाईंची धाकटी: आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहणे, एक दिवस थांबणे, मगच." रस्त्यात कुणी भेटलं की सासूबाईंना माणूस आठवायला वेळ लागे, त्याची कातडी लगेच आठवे. त्या वहीत सगळं गाव होतं. जावई नव्हता.

"चार वर्षं झाली लग्नाला," भिंग पुढे ओढत त्या म्हणाल्या, "आणि जावयाच्या तोंडाकडे मी कधी नीट पाहिलं नाही. वाढायचं असतं तेव्हा ताटाकडेच लक्ष. मान वर करा, जावईबापू. अजून. छताला जाळी लागलीय का ते बघा."

"लागलीय," गुळगुळीतराव म्हणाले.

"ते नंतर. हे काय करून ठेवलंय? नांगर फिरवलात का?"

गुळगुळीतरावांनी तीन हात, कोरडा हात, कापूस, निळं पाणी, सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत गेल्या आणि त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

"म्हणजे केस कातडीच्याही आतपर्यंत कापायचा, तो वाढताना आत वळणार, कातडीला टोचणार, फोड येणार. त्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्लेड. त्यावर ते झोंबरं पाणी. आणि वर चापट्या." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "तू काय करत होतीस?"

"मी तर टाळ्या पण वाजवत नाही," बायको म्हणाली.

हुकूम निघाला. पाच दिवस तोंडाला ब्लेड नाही. निळं पाणी नाही, वासाचा साबण नाही, नखं लावायची नाहीत. दिवसातून दोनदा गार पाण्याचं ओलं फडकं, वर बिनवासाचं साधं मलम. "आणि यातला एकही फोड पिकला किंवा ताप आला, तर डॉक्टर. मी मेणवाली आहे, डॉक्टर नाही."

"पण साहेबांना काय सांगू?"

"दाढ दुखतेय सांगा. दाढी आणि दाढ, फार लांबचं खोटं नाही."

गुळगुळीतरावांनी दाढेची रजा टाकली आणि घरी बसले. मंगळवारी खाज सुटली. बुधवारी केस बोटाला लागण्याइतके वाढले, तेव्हा सासूबाईंनी दुपारच्या जेवणाच्या वेळात, दार लोटून, पुन्हा खुर्चीत बसवलं. हातात भुवयांची पेन्सिल.

"केस कुठल्या बाजूला झुकतो ते बोटाने कळतं. हात फिरवल्यावर गुळगुळीत लागलं की तीच दिशा. खरखर लागली की उलट. शनिवारी ब्लेड गुळगुळीत दिशेने, आणि एकच हात." त्या चाचपडत गेल्या आणि बाण काढत गेल्या. गालांवर बाण खाली. हनुवटीखाली डावीकडे बाण चक्क वर. उजवीकडे आडवे, कानाच्या दिशेने. आणि गळ्याच्या घाटीजवळ पोचल्यावर त्या थांबल्या.

"इथे तर भोवरा आहे!"

"भोवरा?" गुळगुळीतराव दचकले. "गळ्यात?"

"डोक्यात असतो तसाच. आणि तुम्ही तिथून सरळ रणगाडा नेताय रोज."

इतक्यात दार उघडलं आणि बँकेतल्या उंच बाई आत आल्या. विसरलेली छत्री न्यायला आल्या होत्या. खुर्चीत एक पुरुष, त्याच्या तोंडभर काळे बाण. बाईंनी छत्री उचलली, पुन्हा पाहिलं.

"नवीन काही आलंय का?"

"वाहतुकीची सोय करतेय," सासूबाई म्हणाल्या. "दार लोटून घ्या."

बाणांचा तो नकाशा वहीत उतरला. पान मथळ्यासकट: "जावई. बाळाची कातडी, घोड्याचे केस."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण तीन वर्षांची सवय पाच दिवसांत जाते का? गुरुवारी सकाळी बायको बाहेर गेलेली, घर रिकामं, आणि गुळगुळीतरावांच्या खिशात कापसाचा बोळा. तो त्यांच्या खिशात नेहमीच असे, जसा कुणाच्या खिशात रुमाल असतो. सहज म्हणून त्यांनी तो गालावर फिरवला. बोळा गालालाच चिकटून बसला. काढला तर निम्मा कापूस दाढीत राहिला आणि आरशात एकदम म्हातारा माणूस दिसला.

शनिवारी हे असंच झालं तर? सासूबाई म्हणतात एकच हात, केसांच्या दिशेने. एका हाताने कापूस कसा पास होणार? त्यांनी ठरवलं, अगदी एवढीशीच जागा करून पाहू. डाव्या कानाखाली, रुपयाएवढी. कुणाला दिसणारही नाही. आणि गुळगुळीतरावांनी त्या रुपयाएवढ्या जागेवर आपलं तीन वर्षांचं कसब ओतलं. सरळ, उलट, पुन्हा उलट, कोरडा. वर निळ्या पाण्याचं एक बोट. कापूस फिरवला. एक धागा अडकला नाही. रिकाम्या घरात त्यांनी स्वतःच हलक्या हाताने दोन टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी बायकोने शर्ट धुवायला टाकताना खिसा तपासला. बोळा निघाला. बोळ्यावर काळे बारीक केस.

"अहो, इकडे या."

"काय झालं?"

"उजेडात या. कान दाखवा. तो नाही, दुसरा."

रुपया लाल झाला होता. नुसता लाल नव्हे, पेटलेला, आणि त्यात चार टोकं आधीच वर आलेली. बाकीचा गळा मात्र, तीन दिवसांच्या विश्रांतीने, हळूहळू माणसात येत होता.

बायकोने आईला फोन लावला. सासूबाई रागावतील म्हणून गुळगुळीतराव तोंड पाडून पार्लरच्या पायरीवर उभे राहिले. सासूबाईंनी भिंगातून रुपया पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"छान केलंत!"

"छान?"

"आमच्या धंद्यात याला चाचणी म्हणतात. आधी थोड्या जागेवर करून बघायचं, एक दिवस थांबायचं. शिंपीणबाईंच्या धाकटीची करते मी, गल्लीतल्या प्रत्येकीची करते. तुमची करायची राहिली होती. तुम्ही स्वतःच केलीत. अर्धी." त्यांनी बाह्या सरसावल्या. "आता उरलेली अर्धी. उजव्या कानाखाली, तेवढीच जागा. माझ्या देखत."

ती दाढी गुळगुळीतरावांच्या आयुष्यातली सर्वांत अपमानकारक दाढी होती. आधी कोमट पाण्याचं फडकं, दोन-तीन मिनिटं, केस मऊ होईपर्यंत. फेस लावून थांबायचं. नवीन ब्लेड. बाणाच्या दिशेने. "दाबू नका! पाटा आहे का तो?" एक हात, ब्लेड धुवायचं, पुढचा हात, ब्लेड धुवायचं. झाल्यावर पुन्हा त्याच जागेवर जाऊ लागले तेव्हा सासूबाईंनी मनगटच धरलं. "झालं ते झालं. दारातून बाहेर पडल्यावर पुन्हा आत जायचं नाही." गार पाणी. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. साधं मलम.

"एवढंच?" गुळगुळीतराव म्हणाले. "हे कोण बघेल, आई? यात खेळ कुठाय?"

"तुमची कातडी खेळायला आली नव्हती जन्माला."

शुक्रवारी दुपारी बायकोने दोन्ही कान उजेडात धरून पाहिले. डावा रुपया लालभडक. उजवा शोधावा लागला. शोधल्यावर बोट फिरवलं तर किंचित खरखर होती, बस. तिने आरसा आणून गुळगुळीतरावांच्या हातात दिला.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. "कापूस काढला तर अडकणार. नाही काढला तर साहेब विचारणार."

"मला काय विचारता? चौथऱ्यावर तुम्ही उभे राहणार."

शनिवारी नवीन दुकानाच्या दारात हीऽ गर्दी. चौथरा फुलांनी सजवलेला. साहेब बाजूला हात पाठीशी बांधून, दाढी विंचरून उभे. पुढच्या रांगेत सासूबाई, मांडीवर पर्स घेऊन, जणू लेकीच्या शाळेचं स्नेहसंमेलन. बायको त्यांच्यामागे.

गुळगुळीतराव चढले. पाच दिवसांची दाढी, आणि गालांवर, गळ्यावर काळे बाण. सकाळीच बायकोने वहीतला नकाशा पाहून काढून दिले होते. गर्दीत हशा पिकला. साहेबांचे हात पाठीमागून सुटून पुढे आले.

"हसा," गुळगुळीतराव म्हणाले. "मीही हसलो होतो. तीन वर्षं मी या गळ्यावरून रोज सरळ रणगाडा नेला. माझ्या गळ्यात भोवरा आहे हे मला या बुधवारी कळलं. तुमच्या गळ्यात काय आहे, माहितीय?"

पुढचे दोघे-तिघे आपला गळा चाचपू लागले.

मग त्यांनी दाढी केली. फडकं, फेस, बाणाबाणाने. हळू. भोवऱ्याजवळ आले तेव्हा चार बाजूंनी चार छोटे हात. एरवी तीन मिनिटांत उरकणारी दाढी बारा मिनिटं चालली आणि कुणी हललं नाही, कारण आता पुढचा बाण कुठला याची लोकांनाच उत्सुकता. "डावीकडे, डावीकडे!" एक आजोबा ओरडले.

तोंड धुतल्यावर त्यांनी डावा कान पुढे केला. "ही माझी जुनी पद्धत. गुरुवारची." मग उजवा. "ही सासूबाईंची. तीही गुरुवारची. रेझर एकच."

मागून एका तरुणाने कॉलर खाली ओढली. त्याच्या गळ्यावरही मोहरी सांडलेली. "माझं रोज असं होतं."

"दोन-चार दिवस थांबा आणि आधी नकाशा काढा," गुळगुळीतराव म्हणाले. एवढ्यात त्यांना ज्याची भीती होती तेच झालं. त्यांचा खेळ आधी पाहिलेला कुणीतरी ओरडला, "कापूस कुठाय, कापूस?"

साहेबांनीही मान पुढे केली.

गुळगुळीतरावांनी खिशातून बोळा काढला. खालून वर फिरवला. बोळा सुटला, पण चार धागे गालावर लोंबत राहिले.

"अडकले," ते म्हणाले. एक धागा काढला. दुसरा काढला. "मोजून चार. अडकू नयेत म्हणून काय करावं लागतं, ते डाव्या कानाखाली बघितलंतच. मला सांगा, तुमच्या घरी संध्याकाळी तुमच्या गालावर कापूस चोळणारं कोणी आहे का?"

मग टाळी वाजली. एकच. बायकोची. मग सासूबाईंची, मग आजोबांची, मग सगळ्यांची.

निळं पाणी टेबलावर तसंच उभं होतं. "ज्यांना झोंबत नाही त्यांनी लावा," गुळगुळीतराव म्हणाले, "मला झोंबतं."

खेळ संपल्यावर साहेबांनी त्यांना खांबाआड घेतलं.

"कापूस अडकला."

"अडकला, साहेब."

"कंपनीचं पाणी तुम्ही कंपनीच्याच चौथऱ्यावर नाकारलंत."

"मी फक्त लावलं नाही, साहेब."

साहेब दाढीत बोटं घालून हनुवटीखाली खाजवत राहिले, आणि खाजवणं काही थांबेना. सासूबाई तोवर पर्स सावरत खांबाजवळ पोचल्या होत्या. त्यांनी साहेबांकडे एकदा पाहिलं, आणि गल्लीतल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, "मान वर करा."

साहेबांनी केली. का केली, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

सासूबाईंनी दाढी बोटाने बाजूला सारून पाहिलं. "फॅशन म्हणे! किती वर्षं झाली ब्लेड सोडून?"

"सहा," साहेब हळूच म्हणाले. "दाढी केली की पंधरा दिवस आग व्हायची. कंपनीत कुणाला सांगणार?"

"सोमवारी पार्लर बंद असतं. अकराला या. दारावरची पाटी वाचू नका."

सोमवारी अकराला साहेब आले. दाढी कात्रीने बारीक केलेली, त्यामुळे एकदम कुणाचा तरी धाकटा भाऊ वाटत होते. गुळगुळीतराव भिंगाचा दिवा धरून उभे. सासूबाईंनी पेन्सिलीला टोक केलं, साहेबांची मान वर केली आणि पेन्सिल हवेतच धरून ठेवली.

"आधी एक सांगा. जावई चौथऱ्यावर की गोदामात?"

मान वर असल्याने साहेबांना छताकडेच बोलावं लागलं. "चौथऱ्यावर. पण कापूस..."

"कापूस?"

"नको," साहेब म्हणाले.

"आता बोलू नका, बाण हलतो." सासूबाईंनी पहिला बाण काढला, दुसरा काढला, मग बोट थांबवून हनुवटीखाली चाचपलं. "जावईबापू, दिवा जवळ आणा. यांना दोन भोवरे आहेत."

गुळगुळीतरावांनी दिवा पुढे केला, आणि साहेबांनी आपण होऊन मान आणखी वर केली.

"छताला जाळी लागलीय," ते म्हणाले.